चवीपुरतं खारं पाणी

सुहासिनी मॅडमचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. "नांदुऱ्याला उतरले. चहा घेते आणि निघते. नऊपर्यंत वरवटला पोचेन," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुष्पांजली 'हो मॅडम' म्हणाली आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिने घरातल्या माठात मीटर बुडवलं. मीटर चालतंय ना, एवढंच बघायचं होतं. चालत होतं, अगदी ठणठणीत चालत होतं. आकडा आला अकराशे ऐंशी.

तिने मीटर पदराला पुसलं आणि परत बुडवलं. अकराशे ब्याऐंशी.

आता हा आकडा एवढा वाईट का, ते आधी सांगायला हवं. वरवट बकालच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. विहीर घ्या, बोअर घ्या, हापशी घ्या, सगळीकडे एकच तऱ्हा. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते हे मीटर सांगतं. पाचशेच्या आत असेल तर पाणी पिण्याचं, आणि इथल्या विहिरी तीन हजारांच्या पुढे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहाचं दूध नासतं आणि चाळिशी ओलांडलेल्या बायांना बीपीच्या गोळ्या सुरू होतात. पुष्पांजली याच गावची. इंजिनिअर होऊन पुण्यात चार वर्षं नोकरी केली, मग ती सोडली आणि बुलढाण्याच्या शौनकबरोबर एक मशीन उभं केलं. मशीन उन्हावर चालायचं, विजेचं एकही युनिट खायचं नाही, खारं पाणी गोडं करायचं, आणि उरलेला खारट गाळही नाल्यात न सोडता उथळ टाक्यांत सुकवून टाकायचं. कंपनीत माणसं दोन. दोघंही मालक.

अशा नुकत्या अंकुरलेल्या कंपन्यांना हाताशी धरणाऱ्या संस्था असतात, त्यांना अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात. सहा महिने प्रयोगशाळा देतात, जाणती माणसं देतात, पहिलं भांडवल देतात आणि शेवटी मोठ्या गुंतवणूकदारांपुढे उभं करतात. पुण्यातल्या अशाच एका संस्थेला यंदा स्वच्छ तंत्रज्ञानाच्या दहा कंपन्या घ्यायच्या होत्या. नऊ ठरल्या होत्या. दहाव्या जागेसाठी दोन कंपन्या उरल्या होत्या, त्यातली एक पुष्पांजलीची. निकाल आजच्या भेटीवर होता. ज्या आठ घरांत चार महिने या मशीनचं पाणी जात होतं, त्या आठ घरांतल्या माठांत संस्थेच्या सुहासिनी मॅडम स्वतः मीटर बुडवणार होत्या. जागा मिळाली नाही तर आपण नोकरी धरणार, हे शौनकने महिनाभर आधीच सांगून टाकलं होतं. आणि एकटीने ते मशीन ओढणं पुष्पांजलीला झेपणारं नव्हतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

ती चप्पल न घालताच पळाली. मशीन शाळेमागच्या मोकळ्या जागेत होतं. शौनक फडक्याने पॅनेल पुसत होता. तिने काही न बोलता नळाखाली ग्लास धरला, मीटर बुडवलं. दोनशे नव्वद.

"काय झालं?" शौनकने विचारलं.

"मशीन बरोबर आहे. आमच्या माठात अकराशे आहे."

शौनकच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. नळाला दोनशे नव्वद आणि माठात अकराशे, म्हणजे मधल्या दीडशे पावलांत काहीतरी घडत होतं.

पुष्पांजलीची आई मनकर्णाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. पाय पुढे पसरून बसली होती, कारण सुजेने ते दुमडत नव्हते. जोडवी बोटांत रुतायला लागली म्हणून तिने दोन महिन्यांपूर्वीच काढून डबीत ठेवली होती.

"माय, माठात काय टाकलं व तू?"

"काय टाकाचं? पानी हाय त्याच्यात."

"मशीनचं?"

"मशीनचंच. अन् चार-पाच गडवे इहिरीचं."

"काऊन?" पुष्पांजलीचा आवाज चढला.

मनकर्णाबाईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मगच लेकीकडे पाहिलं. एवढी शिकलेली पोरगी, आणि हे विचारते? "अव, नुसतं मशीनचं फिक्कं लागते. दोन गिलास पेलं तरी तहान भागत नाही. घशातून उतरून कुठी जाते, तेच समजत नाही. म्हनून दुधाले इरजन लावतो तसं थोडं इहिरीचं टाकाचं. चवीपुरतं. कलाबाईच्या घरीबी असंच करतेत. समदेच करतेत."

पुष्पांजली तिथेच चुलीशी बसली. गेल्या चार महिन्यांत ती रोज याच माठातलं पाणी दोन तांबे प्यायची आणि शौनकला सांगायची, बघ, काय चव आहे आपल्या पाण्याची! शौनक घरून बाटली आणायचा, त्याने कधी ते पाणी तोंडाला लावलं नव्हतं. तिने रोज नळाला मीटर लावलं, वहीत आकडे उतरवले, त्यांचे रंगीत तक्ते करून पुण्याला धाडले. आणि जिभेला गोड लागलं ते आपल्या मशीनचं म्हणून मिरवलं. ते आईच्या विहिरीचं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

शौनक दारात उभा राहून सगळं ऐकत होता. तो घड्याळ बघून म्हणाला, "सव्वासात होऊन गेले. पावणेदोन तास आहेत. आठ माठ रिकामे करू आणि भरू."

"शौनक..."

"मशीन खोटं नाहीये पुष्पांजली. पाणी खरंच दोनशे नव्वद आहे. माठात जे असायला हवं होतं तेच आपण माठात भरतोय. यात खोटं काय?"

बोलणं मोठं सोईचं होतं, आणि सोईचं बोलणं सकाळी सव्वासातला चटकन पटतं. पुष्पांजली 'नाही' म्हणाली नाही. ती उठली आणि तिने माठाला हात घातला.

बायकांना सांगायला गेली तर कुणाला त्यात वावगं काही वाटलंच नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण सारवतात, चादर बदलतात, तसंच हे. "पाहुन्याईले दाखवाचं हाय ना? मंग कालच सांगाचं ना, बाई! माठ घासून ठेवला असता," असं म्हणत कलाबाईने आपला माठ एका हिसक्यात उचलून मोरीत पालथा केला. पाचच मिनिटांत नळावर आठ कळश्या लागल्या. हसणं, ढकलाढकली, कुणाचं पोर रडतंय. पुष्पांजली मात्र मान खाली घालून नळाखाली एकेक कळशी सरकवत होती.

मशीनच्या टाकीत कालचं शंभर लिटर साठलेलं होतं. ते पाच माठांत संपलं. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं, त्यामुळे नळाची धार करंगळीएवढी. सहावा माठ भरायला पाव तास गेला. त्यात शौनकने भरलेल्या पहिल्या माठात मीटर बुडवलं तर आकडा चारशे चाळीस! चार महिने खारं पिऊन माठाची मातीच मुरली होती, ती आता गोड्या पाण्यात क्षार सोडत होती.

"वाढतंय हे," शौनक हळूच म्हणाला. "दहा मिनिटांपूर्वी चारशे वीस होतं."

"किती वाढेल?"

"मला काय माहीत!"

मग ती दोघं घराघरांत पळाली, माठ विसळले, विसळलेलं पाणी ओतलं, त्यात आणखी गोडं पाणी गेलं आणि नळावरची रांग पुन्हा लांबली. आठ चाळीसला फाट्यावरून जीप दिसल्याची हाळी आली. सातवा माठ कसाबसा भरला होता. आठवा, म्हणजे पुष्पांजलीच्याच घरचा, जेमतेम अर्धा. ती अर्धी कळशी कमरेवर घेऊन मागच्या दाराने घरात शिरली आणि जीप पुढच्या दाराशी थांबली.

सुहासिनी मॅडम पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, पायांत बूट. बोलणं मोजकं. त्यांनी मशीन पाहिलं, सुकवायच्या टाक्यांत बोट घालून मीठ चोळून पाहिलं, नळाचं पाणी स्वतःच्या मीटरने मोजलं आणि लिहिलं: दोनशे नव्वद. मग म्हणाल्या, "चला, घरं बघू."

पहिलं घर, चारशे दहा. दुसरं, तीनशे ऐंशी. कलाबाईच्या माठाशी मॅडमनी मीटर जरा जास्तच वेळ धरलं. चारशे साठ, चारशे सत्तर, चारशे चौऱ्याहत्तर. पुष्पांजलीने श्वास धरून ठेवला. आकडा चारशे सत्त्याहत्तरला थांबला. मॅडमनी मान हलवली आणि पुढे निघाल्या. चौथं, पाचवं, सहावं, सातवं. प्रत्येक घरात बाई पदर सावरून उभी आणि "पाणी कसं लागतं?" या प्रश्नाला एकच ठरलेलं उत्तर, "लय गोड, म्याडम." आठव्या घरी, मनकर्णाबाईच्या अर्ध्या माठात, तीनशे पन्नास. बाहेर पडताना शौनकने पुष्पांजलीचा हात दाबला. त्याच्या तळव्याला घाम आला होता.

शेवटी ओट्यावर चहा झाला. चहा नासला नाही, त्याचंही मॅडमनी कौतुक केलं. आठही घरच्या बाया पायरीवर टेकल्या होत्या. गावची आशा सेविका जयमाला हातात तिची वही घेऊन उभी होती. अर्जात 'आरोग्यावर परिणाम' असा एक रकाना होता, म्हणून जयमाला दर महिन्याला या आठ जणींचं बीपी मोजून ठेवत होती. ते आकडे काही फारसे हललेले नाहीत, हे पुष्पांजलीला माहीत होतं. 'वेळ लागतो' अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

मॅडमनी वही उघडली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग चष्मा काढून ठेवला.

"मला एक कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "पाणी उत्तम आहे. तीन हजारांवरून चारशेवर आणलंत. चार महिने या बायका हेच पाणी पितायत. आणि आठपैकी एकीचंही बीपी खाली आलेलं नाही. या मनकर्णाबाई, डिसेंबरात एकशे साठ, आता एकशे चौसष्ट. याचा अर्थ काय घ्यायचा?"

"चार महिने फार थोडे आहेत मॅडम," शौनक लगेच म्हणाला. "आणि माणसंही आठच. एवढ्यावरून काही ठरवता येणार नाही."

"हेही खरं." मॅडमनी जरा विचार केला. "मग असं करू. आरोग्याचा दावा अर्जातून काढून टाका. विजेशिवाय गोडं पाणी, एवढंच ठेवा. तेवढंही पुरेसं आहे. दुसरी कंपनी मी परवा पाहून आले. स्पष्टच सांगते, तुमचं काम उजवं आहे. दहावी जागा तुमची धरायला माझी हरकत नाही."

शौनकने डोळे मिटले. पुष्पांजलीने कप खाली ठेवला. झालं. मिळाली. तीन वर्षं ज्यासाठी जीव काढला, ते या ओट्यावर चहाच्या कपाशेजारी येऊन बसलं होतं. आता फक्त 'थँक्यू मॅडम' म्हणायचं होतं.

तेवढ्यात पायरीवरून कलाबाई बोलली. "म्हंजे म्याडम, पान्याचा अन् बीपीचा काही संबंद नाही म्हना?"

"या आकड्यांवरून तरी दिसत नाही, बाई."

"पाह्य!" कलाबाईने मनकर्णाबाईच्या गुडघ्यावर थाप मारली. "मी काय म्हनत होती? इहिरीच्या पान्यानं काही होत नाही. उगाच घाबरवतेत. पुन्याची डाक्टरीनबाई सांगून राह्यली आता."

मॅडम डॉक्टर नव्हत्या, पण ते सांगायला कुणी थांबलं नाही. बायांमध्ये हसू पसरलं. मनकर्णाबाईही हसली, अगदी मोकळं हसली, डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखी, आणि सुजलेला पाय चोळत म्हणाली, "बरं झालं बाई, इचारून घेतलं तं."

पुष्पांजलीने त्या पायाकडे पाहिलं. जोडव्याचा वळ अजून बोटावर होता. आता ही विहिरीचं पाणी चार-पाच गडव्यांवर थांबणार नाही, दहा टाकेल, आणि पुण्याच्या बाईंनी सांगितलं म्हणून टाकेल. आपण सकाळी माठ बदलले ते जागेसाठी. पण त्या बदललेल्या माठांनी या बायांना शिकवलं की खाऱ्याने काही बिघडत नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "आकडे खरे नाहीत."

"बीपीचे?"

"पुष्पांजली," शौनक दबक्या आवाजात म्हणाला. त्यात विनवणी होती आणि धमकीही.

"बीपीचे खरे आहेत. माठांचे खोटे आहेत." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता आलं नाही. "आज सकाळी साडेसात ते पावणेनऊ आम्ही आठही माठ रिकामे करून पुन्हा भरले. त्याआधी आमच्याच माठात अकराशे ऐंशी होतं. या सगळ्या जणी मशीनच्या पाण्यात विहिरीचं पाणी मिसळतात. फिक्कं लागतं म्हणून. चार महिने मिसळतायत. बीपी उतरलं नाही ते म्हणून. मशीनच्या पाण्याने गुण येतो की नाही, हे मला माहीतच नाही मॅडम, कारण ते अजून कुणी प्यायलेलंच नाही."

जयमालाने वही छातीशी धरली.

"माठातलं पाणी याआधी कधी मोजलंत?" मॅडमनी विचारलं.

"कधीच नाही. आज पहिल्यांदा."

"रोज नळाचं मोजत होतात."

"हो."

सुहासिनी मॅडमनी आपला कागद पुढे ओढला. मग त्यांनी आठ आकड्यांवरून एक आडवी रेघ ओढली. आवाज चढला नाही, पण थकला. "तुम्ही मला अकराशे ऐंशीचा माठ दाखवला असतात ना, तर मी इथे बसून तुमच्याशी भांडले असते. म्हटलं असतं, या बायकांच्या जिभेचं काय करणार ते सांगा. कदाचित घेतलंही असतं तुम्हाला, कारण असला प्रश्न प्रयोगशाळेत सापडत नाही. पण तुम्ही माठ बदललेत. पाहणीत खोटा नमुना दाखवला की अर्ज रद्द होतो आणि तीन वर्षं पुन्हा करता येत नाही. हा नियम माझ्या हातात नाही."

"माहीत आहे मॅडम."

"तरी बोललात."

पुष्पांजलीने आईकडे पाहिलं.

मॅडम उठल्या. जाताना त्यांनी पुष्पांजलीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, पण कागद बदलला नाही. शौनक आत गेला, आपली बॅग घेऊन आला. तो चिडला असता, ओरडला असता, तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "जीप नांदुऱ्यापर्यंत जातेच आहे." आणि मॅडमच्या मागे चालू लागला. कलाबाई आणि बाकीच्या बाया काहीतरी मोठं मोडलं एवढं ओळखून एकेक करून आपापल्या घरी गेल्या. जीप वळली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

मनकर्णाबाई पायरीवरच बसून होती. शुद्ध मराठीतलं ते झरझर बोलणं तिला सगळं कळलं नव्हतं. पण लेकीचं काहीतरी गेलं आणि ते आपल्या गडव्यापायी गेलं, एवढं तिला बरोबर कळलं होतं.

"माह्या पान्यानं गेलं व्हय व तुह्यं?"

"तुह्या पान्यानं नाही माय. माह्या अक्कलेनं." पुष्पांजली तिच्या शेजारी बसली, तिचा पाय तिने मांडीवर घेतला. "हे पाह्य. ही सूज खाऱ्या पान्यानं येते. बीपी त्यानंच वाढते. पुढं किडनीवर जाते. मशीन त्याच्यासाठी केलं होतं, तुह्यासाठी. डाळ शिजवासाठी नाही."

मनकर्णाबाई लेकीकडे बघतच राहिली. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग दुखावला.

"मंग असं सांगाचं ना, पोरी," ती म्हणाली. "तू म्हने, शुद्द पानी हाय, गोड पानी हाय. मले काऊन नाही सांगितलं, औषद हाय म्हनून? औषद कडू लागो, फिक्कं लागो, त्याच्यात कोनी काही टाकते काय? मले तं वाटलं, पानी हाय."

पुष्पांजली मांडीवरचा पाय हळूहळू चोळत राहिली.

समोरच्या दारातून कलाबाईने हाक मारली. तिच्या एका हातात विहिरीच्या पाण्याची कळशी होती. "मनकर्णाबाई, पाहुने गेले ना व? मंग आता टाकाचं का माठात?"

"नोको टाकू!" मनकर्णाबाई गुडघ्यावर हात रेटून उठली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. "येक थेंब नोको टाकू! औषद हाय थे! समद्याईले सांग!"

कलाबाई कळशी तिथेच ठेवून पलीकडच्या घराकडे वळली. तिचं बोलणं एका दारातून दुसऱ्या दारात जाताना ऐकू येत होतं, आणि पुष्पांजली ओट्यावर बसून लहान मुलीसारखी रडली.